पोरगं काहीच खात नाही, पण दिवसाला तीन बाटल्या दूध पितं

चोपड्याहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा पावणेतीन वर्षांचा. वजन 12 किलो 100 ग्रॅम, सहा महिन्यांपूर्वी 11 किलो 200 होतं. सकाळी उठल्या उठल्या, दुपारी आणि रात्री झोपताना घरच्या म्हशीच्या दुधाची एकेक बाटली, साखर घालून. मधे चार-पाच बिस्किटं. जेवण म्हणजे वरणात कुस्करलेला भात, तोही मोबाइल समोर धरला तरच. भाजीचा कण तोंडात गेला की थू करतो. आजी वाटी घेऊन ओट्यापासून गोठ्यापर्यंत मागे फिरतात, एकेका जेवणाला तास-सव्वा तास जातो. शेजारचं त्याच वयाचं पोरगं कसं गुबगुबीत आहे, हे रोज ऐकावं लागतं. भुकेचं टॉनिक लिहून द्याल का, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, तिथे अजून बिघडेल का, असे दोन प्रश्न शेवटी आहेत.

ताई, मी भुसावळला बावीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवतेय. पेशंट अजून खुर्चीत बसलेला नसतो आणि दारातूनच ऐकू येतं, "मॅडम, हा काहीच खात नाही." मागून आजीचा आवाज येतो, "पोऱ्या काहीच खात नही व माय." आणि तो पोऱ्या तोवर माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढून खाली पाडतो. जो दिवसभर घर डोक्यावर घेतो, त्याच्या अंगात हे बळ कुठून येतं, याचा हिशेब लावला की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आधी वजन. पावणेतीन वर्षांच्या मुलाला 12 किलो 100 हे सरासरीपेक्षा थोडं कमी असलं, तरी ते कुपोषणात येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा महिन्यांत तो 900 ग्रॅम वाढलाय. जन्माला आलं तेव्हा जे बाळ तीन किलोचं असतं ते वर्षाचं होईतो नऊ किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात वाढ येते अडीच-तीन किलोंवर, आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत वर्षाला साधारण दोनच किलो. वाढीचा वेग असा खाली आला की भूकही खाली येते. निसर्गाचा हिशेब तो, पण घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते वर्षाच्या आतलं, वाटी पुढे केली की आ करणारं बाळ. मग वाटतं, दृष्ट लागली. शेजारच्या पोराचा बांधा त्याच्या आईबापाचा आहे, तुमच्याचा तुमचा. अंगणवाडीत किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो, त्यात त्याची रेघ चढती आहे ना, एवढंच पाहा. शेजारच्या घराकडे पाहून वजन कळत नाही.

आता कागद-पेन घ्या. एका बाटलीत 250 मिलिलिटर, तीन बाटल्यांचे झाले 750. पाणी न घातलेल्या म्हशीच्या दुधात 100 मिलिलिटरला 100 कॅलरी तरी असतातच. म्हणजे नुसत्या दुधाच्या साडेसातशे. बाटलीमागे दोन चमचे साखर, तिच्या सव्वाशेच्या आसपास. चार-पाच बिस्किटांच्या शंभर. बेरीज पावणेदहाशे. या वयाच्या मुलाला दिवसभरात लागतात हजार-अकराशे. उरली जागा वरण-भाताच्या चार घासांची, आणि तेवढे घास तो खातोच आहे! तुमचा मुलगा बेताने जेवणारा, पोट भरलेला माणूस आहे. भरल्या पोटी मागे फिरून घास कोंबला तर तुम्ही-आम्हीसुद्धा ओठ मिटून घेऊ.

पोट भरतं म्हणून दूध चांगलं, असं मात्र समजू नका. दुधात लोह जवळपास नसतंच, आणि त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरातली 67 मुलं रक्त कमी असलेली निघाली. माझ्या दवाखान्यात येणारी अशी पोरं अनेकदा चांगल्या, दुभत्या घरची असतात. गोरी-गोमटी म्हणून आजी कौतुक करते, मी तळहात उलटा करून पाहते तर तो पांढरा. आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. भूक नाही म्हणून पुन्हा दूध. हे चक्र मी वर्षानुवर्षं पाहतेय. त्यात दूध जास्त, बाकी काही नाही म्हणून शौचाला खडा होतो, आणि खडा होणाऱ्या पोराला जेवण नकोच असतं.

तर पहिलं काम बाटलीचं. दिवसाचं दूध, दही धरून, 400 ते 500 मिलिलिटरच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि तेही पेल्यातून. एकेक बाटली हळूहळू कमी करा, असं बरेच जण सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. या वयाच्या मुलाच्या सगळ्या बाटल्या एकाच दिवशी गेलेल्या बऱ्या. भंगारवाल्याला देऊन टाका, माळ्यावर ठेवू नका. माळ्यावर ठेवलेली बाटली तिसऱ्या रात्री खाली येते. सकाळी पेलाभर, रात्री जेवणानंतर दात घासायच्या आधी पेलाभर, एवढंच. झोपताना तोंडात बाटली ठेवून वरचे पुढचे चारही दात काळे पडलेली पोरं इतकी पाहिलीत की त्यावर वेगळं लिहावं लागेल. साखर आठवड्यात अर्ध्या चमच्याने उतरवत न्या, त्याला कळणारही नाही.

पहिल्या दोन-तीन रात्री तो रडेल. ओसरीवर गडाबडा लोळेल. घरात तुमची सोडून सगळ्यांची माया उफाळून येईल, तेव्हा हे पान त्यांना वाचून दाखवा.

आता ताट. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितली आहे, ती मला आजवरच्या सगळ्या औषधांपेक्षा जास्त कामाला आली. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे पोराने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय आणि कधी, हे पोर ठरवतं (बिस्कीट, आत्ता), आणि किती, हे आजी. "पोर उपाशी राहील की हो," असं कोणी म्हणालं की मी क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंची गोष्ट सांगते. 1920-30 च्या दशकांत त्यांनी अमेरिकेत पंधरा बाळांसमोर रोज साधे, न मिसळलेले पदार्थ मांडून ठेवले. एकूण 34 पदार्थांची यादी होती. परिचारिकांनी कशाकडेही बोट दाखवायचं नाही, बाळ मागेल ते आणि तेवढंच द्यायचं. कोणी एका वेळी अंडीच अंडी खाल्ली, पण महिन्यांच्या हिशेबात सगळी बाळं धडधाकट वाढली. फक्त त्या 34 पदार्थांत साखर नव्हती, बिस्कीट नव्हतं. खरी मेख तीच होती, असं बाईंनी स्वतःच म्हणून ठेवलंय. किती खायचं ते पोराच्या पोटावर सोडा, पण ताटात काय येतं ते त्याच्यावर सोडू नका.

तुमच्या घरी हे कसं दिसेल? सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण, आणि वाटलं तर मधे एक फळ. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, त्या वेळात फक्त पाणी. हे 'फक्त पाणी' आपल्याकडे सगळ्यांत अवघड. यावल-रावेरकडच्या घरांत तर केळीचा घड पडवीत टांगलेलाच असतो. पोर येता-जाता एक तोडतं, आणि जेवायला बसलं की म्हणतात भूक नाही. केळ्याशी माझं काही वाकडं नाही. केळ्याने सर्दी होते हेही खोटं. पण ते चारला द्या, बसवून. दुकानातली पाच रुपयांची पुडी आणि चहात बुडवलेली खारी तर बंदच. चहा लोहाला अडवतो, दुधापेक्षाही जास्त.

जेवायला सगळ्यांबरोबर खाली बसवा. त्याचं ताट वेगळं, पण त्यातलं अन्न तुमचंच. नितकोर भाकरी, वर तुपाचं बोट. चमचाभर घट्ट वरण. काकडीची एक फोड. आणि भाजी इतकीशी, की ती वाढली म्हणायला लाज वाटावी. प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षामागे एक मोठा चमचा, याहून जास्त वाढू नका. ढीग पाहिला की पोर हबकतं. संपलं तर तो स्वतः मागेल, आणि मागून घेतलेल्या घासाची चव वेगळी असते. सांडू द्या, माखू द्या. पंचवीस मिनिटांनी किंवा तो उठेल तेव्हा ताट उचलायचं, चेहरा कोरा ठेवून. "दोनच घास खाल्ले" नाही, "शहाणा माझा बाळ, सगळं संपवलं" पण नाही. त्याने जेवणानंतर मधेच खायला मागितलं तर "चार वाजता देते ना" एवढंच, तेही प्रेमाने. पहिल्या दिवशी तो दोन घासांवर उठेल. दुसऱ्या दिवशीही कदाचित. मी सहसा पाचव्या दिवसापर्यंत धीर धरायला सांगते.

त्याला भाजी नको आहे की तिखट नको आहे, हेही एकदा पाहा. आपण खान्देशी माणसं. काळा मसाला, हिरवी मिरची, वर तेलाचा तवंग. मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं तिथे पावणेतीन वर्षांच्या जिभेचं काय? वेगळा स्वयंपाक नको, फक्त तिखट पडायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढा. भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजून सोलली की मिरचीबरोबर ठेचायच्या आधी त्यातला लिंबाएवढा गर त्याचा. ठेचायलाही त्यालाच बसवा. स्वतः ठेचलेलं पोरं चाटून पाहतातच. दाणे मात्र कुटून घाला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. श्वासनळीत अडकलेला दाणा घेऊन येणारी पोरं मी पाहिलीत.

कुस्करलेला भातही आता पुरे. दाढा आल्यात, त्यांना काम हवं. आपल्याकडे हातात धरून खायचे किती प्रकार आहेत! फुनके वाफवले की बोटाएवढा तुकडा त्याच्या हातात, कढीत बुडवायला. तुरीची डाळच ती, भरडून वाफवलेली. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद येतात, तिचा पोपडा पोरांना कुरकुरीत लागतो. बट्टीचा मऊ भाग वरणात. मेथीचं थालीपीठ, वर लिंबू पिळून, कारण लिंबाने लोह अंगी लागतं. घरात चालत असेल तर अंडं.

आता नको त्या भाजीचं. दोन ते पाच-सहा वर्षांच्या वयात अनोळखी चवीला घाबरणं हे चालायला शिकण्याइतकंच नेहमीचं आहे. रानात हिंडू लागलेल्या पोराने दिसेल ते पान तोंडात घालू नये, म्हणून निसर्गाने घातलेला हा लगाम असावा. तो सुटतो, पण ओळख वाढल्यावर. आठ, दहा, कधी पंधरा वेळा तीच भाजी समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी 'याला आवडतच नाही' म्हणून शिक्का मारतो. माझी मुलगी तीन वर्षांची असताना गिलक्याकडे (घोसाळ्याकडे) पाहून तोंड फिरवायची. मी आठवड्यातून दोनदा तिच्या ताटात गिलक्याची एकच चकती ठेवायची आणि काही बोलायची नाही. पहिल्यांदा तिने ती उचलून फरशीवर ठेवली. दुसऱ्यांदा माझ्या ताटात. मग काही दिवस ती चकती ताटाच्या कडेला राहू लागली, हीच प्रगती. सहाव्या वेळी तिने बोटाने दाबून पाहिली, बोट चाटलं, 'शी' म्हणाली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रेघा मारत होते. तेराव्या रेघेला तिने अर्धी खाल्ली. पुढे काय झालं विचाराल, तर आज ती एकोणीस वर्षांची आहे, गिलक्याची भाजी अजूनही बेताने खाते आणि गिलक्याची भजी मात्र ताटभर. कुणालाही सगळं आवडत नाही.

जबरदस्तीचं फळ उलटं मिळतं. अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांना "सूप संपव, सूप संपव" म्हणत राहिलं, तर ती मुलं ते सूप कमी प्यायली आणि त्याला नावंही जास्त ठेवली, असं एका अभ्यासात दिसलं. "जेव, मग चॉकलेट देते" म्हटलं की पोराला कळतं, जेवण ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. आणि कृपा करून "जेवला नाहीस तर डॉक्टरीणबाई इंजेक्शन देतील" हे सोडा. तुम्ही घरी नाव काढता आणि इथे पोर माझं तोंड पाहताच भोकाड पसरतं, मला छाती ऐकू येत नाही. चिऊचा घास, काऊचा घास मात्र खुशाल करा, तो खेळ आहे. फक्त त्याने तोंड मिटलं की चिऊ उडून जायला हवी.

मोबाइलचं थोडक्यात. पडद्याकडे पाहणाऱ्या पोराला चव कळत नाही, पोट भरल्याचंही कळत नाही. घास गालात धरून बसतं ते त्यामुळेच. आधी रात्रीच्या जेवणाचा बंद करा, कारण तेव्हा घरात माणसं असतात. आठवड्याने दुपारचा. त्या वेळात मोठ्यांचेही फोन बाजूला. त्याच्या बाबांना हे मुद्दाम सांगा.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांचं चुकतंय असं मलाही वाटत नाही. त्यांच्या काळात ताप-जुलाबाने पोरं हातची जायची, अंगावर मांस असलेलं पोर टिकायचं. मागे फिरणारी ती वाटी भीतीची आहे. त्यांना काम द्या. चारचं खाणं आजीचं, फुनके आजीचे, गोष्ट आजीची, ताटावर बसून. मी एका आजींना वजनाचा आलेख समजावून दिला. आता दर महिन्याला अंगणवाडीत त्याच पुढे असतात.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. वजन दोन-तीन महिने थांबलं किंवा उतरलं. गिळताना ठसका, रोज उलटी, लांबलेले जुलाब. माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणं, कारण ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. मोजून आठ-दहाच पदार्थ खाणं आणि त्यातलेही एकेक सुटत जाणं, किंवा जेवणाबरोबरच बोलणंही मागे असणं, नजर न देणं. तळहात, पापणीच्या आतली बाजू फिकी असेल तर रक्त तपासा. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी राहता, नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तशा घरातलं पोर फिकं दिसलं तर मी लोह सुरू करायच्या आधी तीही तपासणी करून घेते. लोहाचं सिरप आशाताई देतात, पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत अंगणवाडीत मिळते. दोन्ही चुकवू नका.

टॉनिक लिहून देणार नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी सर्रास द्यायची. सायप्रोहेप्टाडिन, मुळात ॲलर्जीचं औषध. त्याने पोराला पेंग येते, भूकही थोडी वाढते, आणि बाटली संपली की सगळं पूर्ववत. मग आई दुसरी बाटली मागायला येते, डॉक्टरीण चांगली वाटते. माझ्याकडून ती चूक झाली, म्हणून आता इतकं लांबण लावून सांगावं लागतं.

आणि आखाजी. बिनधास्त जा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असेल, दुपारी तो कमी खाईल, ते धरून चाला. सकाळी लवकर आणि रात्री आठच्या पुढे, हवा लागल्यावर, त्याची खरी जेवणं होतील. मधे ताक, टरबूज. वेळा थोड्या मोडतील, मोडू द्या. आमरस आणि मांडे समोर आल्यावर गिलक्याची आठवण काढू नका. तिथे मामाच्या घरची सहा-सात पोरं एका ओळीत जेवायला बसतील, त्यांच्यामधे त्याला बसवा आणि तुम्ही झोक्यावर जा. आई समोर नसली आणि शेजारचा भाऊ दुसरा मांडा मागत असला की पोरं काय काय खातात, ते लांबून पाहा. फक्त निघायच्या आधी तुमच्या आईला एक फोन करा. नाहीतर नातू वाळलाय असं कळून, तुम्ही पोचायच्या आत त्यांनी नवी बाटली आणून, उकळून तयार ठेवलेली असेल.